नीटच्या सरावात प्रश्न सोडवून झाल्यानंतरचा तास

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेची तयारी करणारी मुले एकमेकांना भेटली की ‘आज किती एमसीक्यू (चार पर्यायांचे प्रश्न) झाले?’ हा प्रश्न आधी निघतो. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेखालच्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटे उभे राहिले तर दीडशे, दोनशे, तीनशे असे आकडे सहज कानावर पडतात. मी बरीच वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आहे आणि या आकड्यांवरचा माझा विश्वास उडून गेला आहे. दोनशे प्रश्न सोडवून, उत्तरसूची पाहून बरोबर-चूक अशा खुणा करून वही मिटणारा विद्यार्थी त्या दिवशी स्वतःची परीक्षा घेतो. अभ्यास मात्र करायचा राहून जातो. प्रश्न सोडवण्यासाठी जितका वेळ लागला तितकाच वेळ सोडवलेल्या प्रश्नांवर पुन्हा बसण्यासाठी ठेवावा, आणि त्या वेळात नेमके काय करावे, हे येथे सांगायचे आहे.

आधी परीक्षेचा साचा लक्षात घ्यावा, कारण सराव त्या मापाने बेतावा लागतो. २०२५ सालच्या नीटमध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण होते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न होते व सर्व अनिवार्य होते. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक गुण जातो आणि सोडून दिलेल्या प्रश्नाला शून्य मिळते. २०२१ ते २०२४ या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायचे असत आणि प्रत्येक विषयाच्या शेवटी काही प्रश्नांना पर्याय असे. त्यामुळे या चार वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवताना २०० प्रश्न तसेच ठेवू नयेत. प्रत्येक विषयातले जादा प्रश्न आधीच खोडून १८० करून घ्यावेत आणि मगच घड्याळ लावावे.

प्रश्न कुठून घ्यावेत, याविषयी फार चर्चा होते. एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची अकरावी-बारावीची पुस्तके, त्यांच्याच एक्झेम्प्लार नावाच्या सरावप्रश्नांच्या पुस्तिका आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढा ऐवज व्यवस्थित वापरला तर तो बहुतेकांना पुरून उरतो. पुण्यातला विद्यार्थी ही पुस्तके घेण्यासाठी अप्पा बळवंत चौकात जातो आणि तेथे वापरलेली पुस्तके स्वस्तात मिळत असल्याने दोन पैसे वाचवतोही. सरावाच्या प्रश्नसंचांच्या बाबतीत ती काटकसर चालते. एनसीईआरटीच्या मूळ पुस्तकांच्या बाबतीत ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला २०२४ सालच्या एका प्रश्नाचा आधार आहे.

त्या वर्षी भौतिकशास्त्रात दोन विधानांचा एक प्रश्न होता. अणूमध्ये धन आणि ऋण प्रभार समान असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो, हे पहिले विधान. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात, हे दुसरे. दुसऱ्या विधानासारखे वाक्य एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत होते, म्हणून ती आवृत्ती वाचलेल्या अनेकांनी दोन्ही विधाने बरोबर ठरवली. परीक्षा घेणाऱ्या नॅशनल टेस्टिंग एजन्सीने दोन पर्यायांना गुण दिले, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि पहिले विधान बरोबर व दुसरे चूक हा एकच पर्याय ग्राह्य ठरला. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. पण छापलेले वाक्य पाठ झालेले असले की माहीत असलेली गोष्ट मागे पडते. तेव्हा पुस्तक चालू आवृत्तीचे घ्यावे. त्याबरोबरच विधानांच्या प्रश्नात ‘प्रत्येक’, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘केवळ’ असा शब्द दिसला की पेन्सिलीने त्याभोवती गोल करून ‘याला अपवाद कोणता?’ असे स्वतःला विचारण्याची सवय लावावी.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. नीटचा अभ्यासक्रम २०२४ सालच्या परीक्षेपासून कमी करण्यात आला, मात्र बालभारतीच्या पुस्तकांत वगळलेले धडे आहेतच. बारावीच्या रसायनशास्त्राचा पहिलाच धडा ‘सॉलिड स्टेट’ आहे. तो मंडळाच्या परीक्षेसाठी वाचावा लागतो, पण नीटच्या अभ्यासक्रमातून तो वगळलेला आहे, तसेच पॉलिमरचेही आहे. जीवशास्त्रात पचनसंस्थेचा धडा असाच गेला. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका हाती घेण्यापूर्वी चालू वर्षाचा अधिकृत अभ्यासक्रम छापून घ्यावा आणि वगळलेल्या घटकांवरचे प्रश्न लाल रेघेने काढून टाकावेत. तासाभराचे काम आहे, पण पुढचे कित्येक तास वाचतात. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा सराव त्याच वहीत मिसळू नये. ती परीक्षा संगणकावर होते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तिच्यात लागलेली बिनधास्तपणाची सवय नीटमध्ये महागात पडते.

भाषेविषयी थोडेसे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत शिकावे लागते आणि पहिले सहा महिने त्यांचे अर्धे प्रश्न विषयामुळे नव्हे तर वाक्यरचनेमुळे चुकतात. नीटचा अर्ज भरताना मराठी भाषा निवडता येते आणि तशी निवड केल्यास प्रश्नपुस्तिका मराठी व इंग्रजी अशी दुभाषी मिळते. मात्र भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. ज्याने दोन वर्षे इंग्रजी पुस्तकांतून अभ्यास केला आहे त्याने केवळ धीर वाटावा म्हणून मराठी निवडू नये, कारण ‘प्रवेग’ आणि ‘संवेग’ यांतला फरक आठवण्यात गेलेली दहा सेकंदेसुद्धा दहाच असतात.

आता प्रत्यक्ष बैठकीकडे वळू. एका बैठकीत एकाच विषयाचे ४५ प्रश्न घ्यावेत आणि ते ४५ ते ५० मिनिटांत संपवावेत. मध्ये उत्तरसूची उघडायची नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. प्रत्येक उत्तरापुढे एक छोटी खूण करावी: खात्री असेल तर टिंब, दोन पर्यायांत घोटाळा झाला असेल तर आडवी रेघ, निव्वळ अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. ही खूण उत्तर देतानाच करायची असते, नंतर नव्हे. उत्तर बरोबर आल्याचे एकदा कळले की ‘हे मला येतच होते’ असे मन बेमालूम सांगू लागते. बैठक संपल्यावर दहा मिनिटे उठून यावे आणि मग पुढचा तास तपासणीसाठी बसावे.

तपासताना वेगळी वही लागते. तिला मुले ‘एरर बुक’ म्हणतात, मी चुकांची वही म्हणतो. चुकलेले सर्व प्रश्न आणि ज्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह होते ते बरोबर आलेले प्रश्नसुद्धा तिच्यात उतरवावेत. प्रत्येकापुढे एक अक्षर लिहावे. माहितीच नव्हती तर ‘मा’, वाचण्यात चूक झाली तर ‘वा’, आकडेमोड चुकली तर ‘आ’ आणि संकल्पना अर्धवट होती तर ‘सं’. पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक मुलगा ‘सिली मिस्टेक’ असा पाचवा प्रकार काढतो. तो मी वहीत लिहू देत नाही. त्या नावाखाली काय दडले आहे ते शोधले की बहुतेक वेळा ‘वा’ निघते, आणि पुष्कळदा ‘सं’.

अक्षर लिहून झाले म्हणजे काम संपत नाही. खरे काम चुकीच्या पर्यायांपाशी आहे. प्रश्न काढणारा चार पर्यायांतले तीन उगाच लिहीत नसतो. चुकीचा पर्याय हा बहुधा शेजारच्या एखाद्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असतो. तो शेजारचा प्रश्न शोधून वहीत लिहायचा. हे कसे करायचे ते तीन उदाहरणांवरून दाखवतो.

एका तारेचा रोध १० ओहम आहे. ती एकसमान ताणून लांबी दुप्पट केली, तर रोध किती होईल? पर्याय २०, ४०, ५ आणि १६०. घाईत असलेला विद्यार्थी २० निवडतो, उत्तरसूचीत ४० पाहतो, ‘अरे हो, क्षेत्रफळ!’ म्हणतो आणि पुढे जातो. त्याने थांबून लिहावे की, तार ताणली तरी तिचे आकारमान तेच राहते, म्हणून लांबी दुप्पट झाल्यावर काटछेदाचे क्षेत्रफळ निम्मे होते. रोध लांबीच्या सम प्रमाणात आणि क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तो चौपट, म्हणजे ४० ओहम होतो. मग २० हे कशाचे उत्तर आहे? त्याच धातूची, त्याच जाडीची, पण दुप्पट लांबीची दुसरी तार घेतली तर तिचा रोध २० ओहम असेल. ५ हे मूळ तार मधोमध कापून घेतलेल्या एका तुकड्याचे उत्तर. १६० म्हणजे सोळा पट. त्रिज्या निम्मी होईपर्यंत तार ताणली तर क्षेत्रफळ चतुर्थांश, लांबी चौपट आणि रोध सोळा पट होतो. एवढे झाल्यावर स्वतः दोन प्रश्न आणखी तयार करावेत. लांबी १० टक्क्यांनी वाढवली तर? १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१, अर्थात रोध २१ टक्क्यांनी वाढला. तार मधोमध दुमडून दोन्ही पदर एकत्र पिळले तर? लांबी निम्मी, क्षेत्रफळ दुप्पट, रोध अडीच ओहम. एका चुकीतून सहा प्रश्न झाले, आणि या सहांची गणती कोणी टपरीवर सांगत नाही.

रसायनशास्त्रातले उदाहरण मुलांना फार आवडते, कारण त्यात सगळेच एकदा तरी फसलेले असतात. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या द्रावणाची संहती दहाचा उणे आठवा घात मोलर आहे. २५ अंश सेल्सिअसला त्याचा सामू किती? सूत्रात आकडा घातला की ८ येते आणि पर्यायांत ८ असतेच. येथे पेन खाली ठेवून एक साधा प्रश्न विचारावा की, पाण्यात आम्ल टाकून द्रावण आम्लारीधर्मी कसे होईल? आम्ल इतके विरल असताना पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन, जे शुद्ध पाण्यात दहाचा उणे सातवा घात इतके असतात, ते दुर्लक्षून चालत नाही. पाण्याचे आयनीभवन आम्लामुळे किंचित दबते हे धरून गणित केले की एकूण हायड्रोजन आयन सुमारे १.०५ गुणिले दहाचा उणे सातवा घात भरतात आणि सामू ६.९८ च्या आसपास येतो. मग ८ हे कोणाचे उत्तर? दहाचा उणे सहावा घात मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे. वहीत हा शेजारी लिहावा आणि त्याखाली एक ओळ: उत्तर आल्यावर ते आम्लाच्या बाजूचे आहे की आम्लारीच्या, हे पाहून मगच उत्तरपत्रिकेतला गोल भरणे. अशी एका ओळीची ताकीद प्रत्येक ‘वा’ आणि ‘आ’ नोंदीखाली असावी.

जीवशास्त्रात ९० प्रश्न असूनही मुले त्याचा सराव सर्वांत कमी चिकित्सेने करतात, कारण ‘वाचले की येते’ असा समज असतो. गव्हाचे १०० दाणे तयार होण्यासाठी किती अर्धसूत्री विभाजने लागतील? प्रत्येक दाण्यासाठी एक परागकण आणि एक भ्रूणकोष लागतो. एका विभाजनातून चार परागकण मिळतात, म्हणून १०० परागकणांसाठी २५ विभाजने पुरतात. भ्रूणकोषाच्या बाजूने मात्र चारपैकी एकच महाबीजाणू टिकतो, म्हणून तेथे १०० विभाजने लागतात. एकूण १२५. आता शेजारी पाहू. १०० हे उत्तर फक्त भ्रूणकोषांचे, २५ फक्त परागकणांचे, आणि २०० हे एका विभाजनातून चार परागकण होतात हे विसरलेल्याचे. याच वेळी पान उलटून मानवी प्रजननाच्या धड्यात जावे: १०० शुक्राणूंसाठी प्रायमरी स्पर्मॅटोसाइट २५ लागतात, सेकंडरी स्पर्मॅटोसाइट ५०, आणि १०० अंड्यांसाठी प्रायमरी ऊसाइट १००. वनस्पती आणि मानव हे दोन धडे मुले सहा महिन्यांच्या अंतराने वाचतात आणि हिशोब दोन्हीकडे तोच आहे, हे त्यांच्या लक्षात येते ते अशा तपासणीत.

या वहीतले प्रश्न पुन्हा कधी सोडवावेत? मी तीन दिवसांनी, दहा दिवसांनी आणि मग महिन्याने असा क्रम ठेवायला सांगतो. उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर. तिन्ही वेळा खात्रीने आले तर त्या प्रश्नावर काट मारावी. एकदाही अडखळल्यास क्रम पुन्हा पहिल्यापासून. वहीत नोंदी फार साठू लागल्या तर नवे प्रश्न सोडवणे दोन दिवस थांबवावे. पालकांना हे पटत नाही, त्यांना मी वही दाखवतो.

उत्तरसूची चुकीची असू शकते, हेही गृहीत धरावे. काही वर्षांपूर्वी मी एका प्रकाशनाचा प्रश्नसंच सगळ्या वर्गाला घ्यायला लावला होता आणि त्यातल्या प्रकाशविज्ञानाच्या एका प्रकरणात उत्तरांचा क्रम एका घराने सरकलेला होता. दोन मुलींनी रविवारची अख्खी संध्याकाळ आपले बरोबर उत्तर चुकीचे कसे, हे शोधण्यात घालवली आणि सोमवारी मला ओशाळल्यासारखे झाले. तेव्हापासून नियम असा की, आपले उत्तर सूचीशी जुळत नसेल तर दहा मिनिटे पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहावे, तरी पटले नाही तर प्रश्नावर ‘वि’ लिहून शिक्षकांसाठी ठेवावा आणि पुढे जावे.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, यावर घरोघरी मते असतात. हिशोब असा आहे: चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर एका अंदाजाची सरासरी कमाई पाव गुण आहे, आणि तीही पुष्कळ प्रश्नांवर मिळून, पाच-सहा प्रश्नांत नशीब कुठेही नेऊ शकते. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर मात्र तीच सरासरी दीड गुण होते. त्यामुळे ‘माहीत नसेल तर सोडून दे’ हा सरसकट सल्ला मला मान्य नाही. विद्यार्थ्याने आपल्या सरावाच्या वहीतल्या आडव्या रेघांचे सर्व प्रश्न मोजावेत. त्यांतले निम्म्याहून अधिक बरोबर येत असतील तर परीक्षेतही ते सोडवावेत; तिसरा हिस्सासुद्धा बरोबर येत नसेल, तर पर्याय बाद करण्याची त्याची पद्धतच सदोष आहे आणि ती आधी सुधारावी लागेल.

शेवटच्या दोन महिन्यांत पूर्ण प्रश्नपत्रिकांचा सराव सुरू करावा आणि तो दुपारी दोन ते पाच याच वेळेत करावा. नीट याच वेळेत झालेली आहे, आणि पुण्यात दुपारी काय चालते हे वेगळे सांगायला नको. दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, घरात पंखा फिरत असतो आणि जेवणानंतरची डुलकी हा इथल्या संस्कृतीचा भाग मानला जातो. सकाळी सातला टवटवीत डोक्याने मिळवलेले गुण त्या वेळेला टिकत नाहीत, हे पहिल्याच दुपारी कळते. पेठांत राहणाऱ्यांनी सरावासाठी संपूर्ण शांततेचाही आग्रह धरू नये. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो तेव्हा अनेक मुले खिडक्या लावून बसतात. त्या दिवसांतल्या एक-दोन बैठका मुद्दाम खिडकी उघडी ठेवून करायला मी सांगतो.

वेळेची विभागणी प्रत्येकाने स्वतः ठरवावी, पण सुरुवातीला जीवशास्त्राला ५० मिनिटे, रसायनशास्त्राला ५०, भौतिकशास्त्राला ६५ आणि उरलेली १५ मिनिटे राहिलेल्या प्रश्नांसाठी, असा आराखडा धरून पाहायला हरकत नाही. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो आणि हातावर घड्याळही चालत नाही. म्हणून दोनचा लॉगॅरिदम ०.३०, तीनचा ०.४८, दोनचे वर्गमूळ १.४१, तीनचे १.७३ हे आकडे तोंडपाठ हवेत, आणि वेळ पाहण्याऐवजी अमुक पान उलटले म्हणजे साधारण इतकी मिनिटे झाली, असा अंदाज अंगात मुरायला हवा. कच्चे काम मोठ्या वहीत करू नये. प्रश्नपुस्तिकेतल्या मोकळ्या जागेत मावेल एवढेच करावे.

ओएमआर पत्रिकेचा, म्हणजे गोल भरून उत्तरे नोंदवायच्या यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेचा, सराव हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. कोऱ्या पत्रिकेच्या पंचवीस-तीस झेरॉक्स काढून ठेवाव्यात आणि प्रत्येक पूर्ण प्रश्नपत्रिकेला एक वापरावी. गोल बॉलपेननेच भरावेत, कारण परीक्षेत पेनने भरलेला गोल खोडता येत नाही. सगळे गोल शेवटी भरण्याचा बेत धोक्याचा. एक पान सोडवून झाले की त्या पानाचे गोल भरावेत आणि प्रश्न सोडून दिला असेल तर त्याच्या क्रमांकावर पुस्तिकेत ठळक खूण करावी. माझ्याकडच्या एका मुलाने सराव परीक्षेत ६३वा प्रश्न सोडला आणि ६४व्याचे उत्तर ६३च्या गोलात भरले. पुढची सतरा उत्तरे एकेक घर वर सरकली. पान संपताना शेवटचा क्रमांक जुळतो का, हे तो आता बोट ठेवून पाहतो.

परीक्षेच्या आधीच्या तीन दिवसांत नवा प्रश्नसंच उघडू नये. चुकांची वही घ्यावी, ‘मा’ आणि ‘सं’च्या नोंदी पहिल्या दोन दिवसांत वाचाव्यात आणि शेवटच्या दिवशी केवळ ‘वा’ आणि ‘आ’खालच्या एका ओळीच्या ताकिदी वाचाव्यात. दोन वर्षांच्या वहीतही त्या तीन-चार पानांहून अधिक भरत नाहीत.